हरिश्चंद्रगडावर मुक्काम: आधी पाणी

(दृश्य: पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय, पहाट)

कल्याणहून निघून माळशेज घाट चढला की खुबी फाटा. तिथून धरणाच्या बांधावरून खिरेश्वर. गडाची ही जुनी वाट, चार-पाच तासांची. पायथ्याच्याच पाचनई गावाहून अडीच-तीन तासांत माथा येतो, त्यामुळे गर्दी तिकडेच. पाठीवर तंबू असेल तर पाचनई बरी. तोलार खिंड पाहायची असेल तर मात्र खिरेश्वरच.

(दृश्य: खिंडीतलं व्याघ्रशिल्प, कातळावरचं लोखंडी रेलिंग)

दगडात कोरलेला हा वाघ किती पावसाळे इथे बसून आहे कोण जाणे. पुढे कातळटप्पा आणि मग एकसारखी दिसणारी टेकाडं. धुक्यात इथे हमखास चकवा लागतो. पहिल्यांदा येत असाल तर खिरेश्वरातूनच वाटाड्या घ्या.

(दृश्य: हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, मग पुष्करणी)

लोक गड म्हणतात, पण इथे तटबुरुजांपेक्षा पाणीच जास्त कोरलेलं आहे. मंदिराभोवती कातळात खोदलेली टाकी आहेत, समोर ही पुष्करणी. काठावरच्या कोनाड्यांतल्या मूर्ती आता जागेवर नाहीत. चांगदेवांनी इथे तप केलं आणि शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ च्या सुमारास, ‘तत्त्वसार’ लिहिलं. एवढ्या उंचीवर माणसं राहू शकली ती या टाक्यांच्या जोरावर. पावसाचं पाणी दगडात अडवायचं, झाकायचं, पुरवून वापरायचं. मुक्कामाची आखणी करताना आपणही तंबूच्या आधी हाच विचार करायला हवा.

(दृश्य: केदारेश्वराची गुहा, पाण्यात उतरणारे पाय)

कमरेएवढं पाणी, तेही बर्फासारखं. मधोमध शिवलिंग, भोवती चार खांब, त्यांतला एकच धड उभा. बाकीचे तीन कसे मोडले, याची युगांची गोष्ट वाटाड्या सांगेलच. भर पावसात आत शिरायचा हट्ट धरू नका.

(दृश्य: टाक्याच्या कडेला घासायची भांडी)

साबण आणि उरलेला भात पाण्यात गेला की ते टाकं पुढच्या पावसापर्यंत वाया.

भांडी घासायला पाणी काढून लांब न्या. पिण्याचं पाणी गाळून, उकळून घ्या. जेवणाचं ओझं वाहू नका, गावकऱ्यांच्या झोपड्यांत गरम पिठलं-भाकरी मिळते. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तंबू लावता येईल का, कुठे लावायचा, हे निघण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्या.

(दृश्य: कोकणकडा, खालून वर येणारं धुकं)

आणि हा कोकणकडा. आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. पायथ्याशी बेलपाडा. पाठीशी सकाळचं ऊन आणि दरीत धुकं असं जुळून आलं, तर इथे गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी केलेलं त्याचं वर्णन १८३५ मध्ये छापून आलं. आमच्या कॅमेऱ्याला नुसतं धुकं मिळालं. इंद्रवज्र पाहायचं तर पाऊस ओसरता असताना या आणि रात्र गडावर काढा. तंबू कड्यापासून चांगला आत असू द्या, वारा रात्री वाढतो. पाणी माणशी निदान तीन लिटर, खालूनच भरून आणा.