सेल उतरतात तेव्हा

[दृश्य : अंधारी खोली. भिंतीवर विजेरीचा तांबूस, मरगळलेला झोत.]

पाठ्यपुस्तक हिला विजेरी म्हणतं. घरात हिचं नाव बॅटरी, आणि आत घालायचे ते सेल. शास्त्राच्या भाषेत एकाहून जास्त सेल जोडले की त्या संचाला बॅटरी म्हणतात, तेव्हा घरची बोली फारशी चुकलेली नाही. हिच्यात दोन मोठे सेल आहेत. उजेड असा पडला की घरातलं निदान ठरलेलं : सेल उतरले.

सेल बाहेर काढून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावला, तर प्रत्येकी १.४ व्होल्ट. कोरा सेल १.५ ते १.६ दाखवतो, म्हणजे तूट थोडीच. दोघांचे मिळून २.८. बल्बच्या पितळी कडेवर बारीक अक्षरांत छापलंय : २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर. या हिशेबाने बल्ब लखलखायला हवा. आता सेल परत घातले, पुढचं डोकं उघडलं आणि बल्ब पेटलेला असताना त्याच्याच दोन टोकांना मीटर लावला. आकडा आला १.७.

१.१ व्होल्ट वाटेत कुठेतरी गेले.

[दृश्य : उघडलेली बॅटरी. बोट एकेका भागावरून सरकतं.]

ती वाट अशी. पुढच्या सेलची टोपी बल्बच्या बुडाच्या शिशाच्या ठिपक्याला टेकते. तिथून प्रवाह काचेतल्या तारेत चढतो, टंगस्टनच्या नागमोडी तंतूतून जातो आणि दुसऱ्या तारेने पितळी कडेला उतरतो. ठिपका आणि कडा यांच्यामध्ये काळा रोधक थर आहे. वायर जोडून बल्ब लावताना मुलं हमखास दोन्ही वायरी ठिपक्याला लावतात आणि बल्ब बिघडलाय म्हणतात. कडेपासून पुढे रिफ्लेक्टर, बटणाची पट्टी, पत्र्याचं अंग, मागच्या झाकणातली स्प्रिंग, आणि तिथून मागच्या सेलचं बूड. फेरा पुरा झाला. यात एक सेल उलटा घातला तर १.५ मधून १.५ वजा : शून्य. तीन सेलच्या बॅटरीत एक उलटा असेल तर एकाच सेलचा जोर उरतो.

[दृश्य : उभा चिरलेला साधा सेल. लिथियम किंवा अल्कलाइन सेल कधीही कापू नये.]

आता सेलच्या पोटात. बाहेरचा डबा जस्ताचा, तोच ऋण ध्रुव. मधली काळी कांडी कार्बनची. पुष्कळांना तीच धन ध्रुवाचा ऐवज वाटते. प्रत्यक्षात ती फक्त प्रवाह गोळा करते. खरा भिडू तिच्याभोवतीचा काळा लगदा, मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची पूड. जस्ताचा डबा आणि हा लगदा यांच्यामध्ये ओलसर थर, जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये नवसागराचा. भांड्यांना कल्हई करताना टाकतात तोच नवसागर. हल्लीच्या बऱ्याच सेलमध्ये त्याच्या जागी झिंक क्लोराइड असतं. १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी बनवलेला मूळ सेल काचेच्या बरणीतला, द्रावणाचा होता. न सांडणारा कोरडा सेल जर्मनीच्या गासनर यांनी १८८६ मध्ये पेटंट केला.

सेलमध्ये वीज भरून ठेवलेली नसते. बटण दाबलं की जस्ताचा एकेक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतो; ते इलेक्ट्रॉन तारेतून, बल्बमधून फिरून मँगनीज डायऑक्साइडकडे पोचतात. जस्त झिजत जातं, लगद्याभोवती क्रियेतून तयार झालेली क्षारांची पुटं साचतात, ओल कमी होते. आयनांना, म्हणजे ओलीतून विद्युतभार वाहून नेणाऱ्या कणांना, वाट काढणं जड जातं. यालाच अंतर्गत रोध वाढणं म्हणतात, आणि सेल उतरणं म्हणजे मुख्यतः हेच.

आपला हिशेब जुळतो का बघू. कोऱ्या मोठ्या सेलचा अंतर्गत रोध अर्ध्या ओहमच्या आतबाहेर (ओहम हे रोधाचं माप). आपले सेल दोन-दोन ओहमवर गेलेत असं धरू : चार. पेटलेला बल्ब सुमारे आठ ओहमचा. २.८ भागिले १२, प्रवाह ०.२३ अँपिअर. रोधाच्या बारापैकी आठ हिस्से बल्बचे, म्हणून त्याच्या वाट्याला १.९ व्होल्ट. म्हणजे ०.९ व्होल्ट सेलच्या पोटातच खर्ची पडले. बल्बचं व्होल्टेज पाऊण झालं तर उजेड पाऊण राहत नाही, तंतू निवतो आणि उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो. तांबूसपणा त्यामुळेच.

हाच बल्ब विझवून मोजला तर मात्र रोध एक ओहमच्या आसपास भरेल. थंड टंगस्टन प्रवाहाला सहज वाट देतं. तापल्यावर रोध दहापट चढतो. म्हणून बटण दाबताक्षणी क्षणभर मोठा प्रवाह जातो, आणि जुना बल्ब बहुतेकदा त्याच क्षणी उडतो.

खेळण्यातली गाडी ओढेनासे झालेले पेन्सिल सेल भिंतीवरच्या घड्याळात महिनोन्‌महिने चालतात, त्याचं कोडंही इथेच सुटतं. घड्याळाचा सरासरी प्रवाह एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भागही नसतो, त्यामुळे आत जवळजवळ काहीच हरवत नाही. विज्ञान प्रदर्शनात लिंबावर टॉर्चचा बल्ब लावायचा हट्ट मात्र सोडावा. तांबं-जस्ताची जोडी लिंबात ०.९ व्होल्टच्या आसपास देते, पण रोध इतका की प्रवाह मिलिअँपिअरच्या घरात. बल्बला तीनशे लागतात. तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडून लाल एलईडी मिणमिणेल. उलट लिथियम-आयन सेलचा रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच, म्हणून त्याची टोकं तारेने जोडली तर तार लाल होते आणि सेल पेटू शकतो.

उतरलेले सेल उन्हात ठेवण्याची जुनी सवय अगदीच वेडगळ नाही. ऊब मिळाली की आयन थोडे मोकळे होतात, तासभर उजेड सुधारतो. पण झिजलेला डबा तापला की पाझरतोही.

[दृश्य : मागचं झाकण. स्प्रिंगवर पांढरट-तपकिरी पुटं.]

आणि तेच इथे झालंय. आपल्या हिशेबात बल्बला १.९ मिळायला हवे होते, मीटर १.७ म्हणाला. उरलेले ०.२ या गंजलेल्या स्प्रिंगवर पडतायत. साध्या सेलचा पाझर आम्लधर्मी असतो : ओल्या फडक्यावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन पुसायचं, वाळू द्यायचं, मग पॉलिश पेपरने लोखंड उघडं पडेपर्यंत घासायचं. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर उलट, लिंबाचा रस.

[दृश्य : तेच सेल, तोच बल्ब. बटण सरकतं. मीटरवर १.९.]