सोडतीत नाव न लागलेली मुलं

नमस्कार, श्रोतेहो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई त्या दिवशी एक पोळी लाटून झाली की हात पुसायच्या आणि मोबाइल बघायच्या. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या जागांच्या, सोडतीचा निकाल होता. मेसेज काही येईना. शेवटी मीच पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून पाहिला. निवड नाही, प्रतीक्षा यादीत बराच खालचा नंबर. "बरं," म्हणाल्या, आणि पुढचा उंडा घेतला.

अमेरिकेतल्या चार्टर शाळांविषयी वाचताना मला ते "बरं" आठवत राहतं. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी शाळा. कारभार मात्र स्वतंत्र मंडळाचा. शिक्षक कोण नेमायचे, शाळा किती तास भरवायची, हे तेच मंडळ ठरवतं. निकाल दाखवले नाहीत तर परवाना जाऊ शकतो. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यानं केला. आपल्या अनुदानित शाळांसारखंच वाटेल हे, पण तिथं जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते.

या सोडतीनं संशोधकांची मोठी सोय केली. बोस्टनमध्ये अर्थतज्ज्ञांनी नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं शेजारी शेजारी ठेवून तपासली. दोन्हीकडचे पालक सारखेच धडपडे, फरक फक्त नशिबाचा. चार्टरमध्ये गेलेली मुलं गणितात ठळकपणे पुढे गेली होती. हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही २०१६ मध्ये, बोस्टन ज्या राज्यात आहे त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, वर्षाला १२ पर्यंत नव्या चार्टरना वाट करून देणारा प्रस्ताव मतदारांनी सुमारे ६२ टक्के मतांनी फेटाळला. का? तिथं पैसा मुलामागे जातो. तिसरीच्या वर्गातली चार मुलं चार्टरला गेली की त्यांच्या वाटचा निधीही जातो. पण बाईंचा पगार तेवढाच राहतो, थंडीत वर्ग उबदार ठेवायचा खर्च तेवढाच, बसही तेवढीच फिरते. मग कात्री लागते ती ग्रंथपालावर, नाहीतर चित्रकलेच्या तासावर. आणि त्या वर्गात उरतं कोण? ज्यांचा नंबर लागला नाही ती मुलं, आणि ज्यांच्या आईला अर्जाची तारीखच कळली नाही तीही.

न्यू ऑर्लिन्समध्ये तर २००५ च्या कतरिना वादळानंतर हळूहळू जवळजवळ सगळ्याच शाळा चार्टर झाल्या. सात हजारांहून अधिक कर्मचारी घरी बसवले गेले; त्यांत कृष्णवर्णीय शिक्षिका किती तरी. निकाल सुधारले, हेही खरं. पण शाळा नकोशी मुलं वाटेला लावतात, अशी ओरड झाली. तेव्हा २०१२ पासून बहुतेक शाळांसाठी एकच अर्ज आला. मुलाला काढून टाकणं एकट्या मुख्याध्यापकाच्या हाती ठेवलं नाही. मला विचाराल तर या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्या होत्या. २०२४ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळानं पुन्हा स्वतः चालवायची एक शाळा उघडली.

त्याच वर्षी आपल्याकडे सरकारनं उलटी खेळी केली होती. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट. म्हणजे सोडतीचीच गरज नको! मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत ते रद्द केलं, बरं झालं. पण त्या एक किलोमीटरच्या आतल्या शाळेत काय चाललंय, हा प्रश्न तिथंच राहिला.

ताईंचा मुलगा तशाच शाळेत जातो. दिवाळीपर्यंत त्याच्या वर्गाला बाई नव्हत्या. शेजारच्या वर्गाच्या बाई मधलं दार उघडं ठेवून दोन्हीकडे शिकवायच्या.