पुलंचे सल्ले ग्रुपवर नको, पुस्तकात वाचूया

नमस्कार मंडळी! ठाण्यातून, नौपाड्यातून बोलतोय. आजचा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. पु. ल. देशपांडे, आणि रोजच्या जगण्याबद्दल त्यांच्या लिखाणात जागोजागी भेटणारे सल्ले.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी उजाडायच्या आत फुलांच्या फोटोवर एक सुविचार येऊन पडतो. नाती, पैसा, म्हातारपण, संसार, काहीही विषय असो, खाली नाव असतं पु. ल. देशपांडे. तुमच्याकडेही येत असणार. मी मनापासून सांगतो, यातली कितीतरी वाक्यं पुलंची नाहीत. ओळखायचं कसं? पुलं सल्ला कधी असा मोकळा, वाऱ्यावर सोडत नाहीत. त्यांच्याकडे कोणीतरी कोणालातरी सल्ला देत असतं. देणाऱ्याला नाव असतं, गाव असतं, बोलायची लकब असते, आणि त्या सल्ल्यामागे त्याचं स्वतःचं काहीतरी दुखणं नाहीतर हौस असते. फॉरवर्डमध्ये वाक्य उरतं आणि माणूस गळून जातो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

गंमत अशी की सुविचार गोळा करणाऱ्या माणसाचं चित्र पुलंनीच काढून ठेवलंय. सखाराम गटणे! 'व्यक्ती आणि वल्ली' हे 1962 सालचं पुस्तक, ज्याला 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यातला हा मुलगा. सही मागायला येतो, छापील मराठीत बोलतो, आणि आयुष्याचं सूत्र त्याला पुस्तकातून हवं असतं. पुलं त्याला हसतात, पण त्याचा हात सोडत नाहीत.

आता जरा एका सल्ल्यापाशी थांबू. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर) हे 'बटाट्याची चाळ', 1958 सालचं. चाळीत साठ बिऱ्हाडं. त्यात 'उपास' नावाचं प्रकरण आहे. एक गृहस्थ वजन उतरवायचं ठरवतात. बस्स, एवढंच! बातमी चाळभर होते आणि जो तो सल्ला द्यायला पुढे सरसावतो. कोणी हे सोडा म्हणतो, कोणी ते सोडा म्हणतो, एकाचा सल्ला दुसऱ्याच्या सल्ल्याला जुळत नाही. त्यांच्यापुरता प्रत्येकजण तज्ज्ञ. शेवटी वजनाचं काय होतं ते मी सांगणार नाही, तुम्ही वाचा.

हे प्रकरण आज जसंच्या तसं बघायचं असेल तर सकाळी साडेसहाला ठाण्याच्या तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी या. मी रोज बघतो. चालणारे एक काका आहेत, पांढरे बूट, हातात स्टीलची बाटली. ओळखीचा माणूस दिसला की ते त्याच्या कोपराला हात लावतात आणि थांबवतात. सल्ला पूर्ण होईपर्यंत तो हात कोपरावरून हलत नाही.

“भात चालू आहे अजून?”

“रात्री नाही हो काका.”

“रात्रीचं नाही, पूर्ण बंद. आणि चहा?”

“एकदाच.”

“साखरेचा?”

तेवढ्यात मागून दुसरे येतात आणि सांगतात, भाताला काही नाही हो, आपले आजोबा दोन्ही वेळ भात खाऊन नव्वदी गाठून गेले, दिवसातून दोनदाच जेवा म्हणजे झालं. मग दोघांचीच जुंपते. ज्याचं वजन, तो बाजूला उभा.

आता नीट बघा, या प्रसंगात सल्ला महत्त्वाचा नाहीच. तो कोपरावरचा हात महत्त्वाचा आहे. काकांना बोलायचंय. मुलगा परदेशात असेल, घरात दिवसभर कोणी नसेल, मला माहीत नाही; पण थांबवायला काहीतरी निमित्त लागतं आणि भात हे फार सोयीचं निमित्त आहे. पुलंना हे दिसलं होतं. चाळीतले लोक एकमेकांना सल्ले देतात कारण एकमेकांच्या घरात त्यांची ये-जा आहे. गॅलरी एक, नळ एक, भांडण एक. सल्ला हा त्या ये-जाचा भाग. म्हणून 'उपास' वाचताना त्या सगळ्यांचा राग येत नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटी 'एक चिंतन' आहे, तिथे पुलंचा सूर एकदम उतरतो, कारण ही अशी माणसं आणि असं राहणं संपत चाललंय हे त्यांना तेव्हाच जाणवलं होतं. शेवटची ती पानं वगळून कोणी चाळ फक्त विनोदी पुस्तक म्हणून वाचत असेल, तर तो अर्धं पुस्तक वाचतोय असं माझं ठाम मत आहे.

आपल्या ठाण्यात तर हे फार जवळून कळतं. गिरगाव, दादर, लालबाग सोडून किती मराठी कुटुंबं इथे आली! नौपाड्यातल्या जुन्या चाळी, वाडे पडून टॉवर उभे राहतायत, घोडबंदर रोडला तर विचारूच नका. दारं बंद झाली, पण सल्ला द्यायची हौस काही आटली नाही. तिला गॅलरी मिळेना, म्हणून ती ग्रुपवर गेली. ते सकाळचे सुविचार पाठवणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येत नाही. पाठवणाऱ्याचा तो कोपराला लावलेला हातच असतो. फक्त पुलंचं नाव त्याखाली नको.

चाळ सोडून ब्लॉकमध्ये जाणाऱ्या माणसाची गोष्ट हवी असेल तर 'असा मी असामी' घ्या. धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी, गिरगावातला साधा कारकून. नव्या घरात गेलेल्या कोणीही हे वाचावं.

आता दुसरी तऱ्हा. सरळ उपदेश करायचा, पण उलटा. तुम्हाला पुणेकर व्हायचंय, मुंबईकर की नागपूरकर, हे पुलंचं भाषण तुम्ही ऐकलं असेलच. त्यात ते शिकवणीच्या मास्तरांसारखे गंभीर होऊन पुणेकर व्हायच्या अटी सांगतात. एक अट अशी की कुठल्याही विषयावर मत ठणकावून मांडता आलं पाहिजे, अगदी अमेरिकेची आर्थिक घडी कशी बसवावी यावरसुद्धा. आणि हे मत मांडणारा माणूस कुठे नोकरीला असावा? महापालिकेच्या उंदीर मारायच्या विभागात!

यात कारागिरी कुठे आहे ते बघा. नुसतं 'साधा कारकून' म्हटलं असतं तर हसू आलं नसतं. विभाग नेमका सांगितला म्हणून चित्र उभं राहतं. दुसरं, पुलं त्याला मूर्ख म्हणत नाहीत. असं असावं लागतं, ही पात्रता आहे, असं सांगतात. त्यामुळे समोर बसलेला पुणेकरच सगळ्यात मोठ्याने हसतो. दोष गुण म्हणून शिकवला की ज्याचा दोष त्याला टोचत नाही, दिसतो मात्र लख्ख. हे पुलंच्याच आवाजात ऐका. वाक्य संपायच्या जरा आधी ते किती थांबतात, ते छापलेल्या पानावर दिसत नाही.

आणि 'व्यक्ती आणि वल्ली'तलाच अंतू बर्वा. मंडळी, इथे मी जरा हळू बोलतो. रत्नागिरीचा म्हातारा, जिभेला धार, सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारा. गावात वीज येणार म्हटल्यावर तो म्हणतो, उजेडात बघायचं काय, पोपडे उडालेल्या भिंती आणि गळकी कौलं? दारिद्र्य बघायला वीज कशाला हवी? पहिल्यांदा वाचताना आपण हसतो. दुसऱ्यांदा वाचताना त्या घरात शिरतो. आपल्यापैकी कितीजणांचं गावाकडचं घर असंच बंद आहे, कौलं दरवर्षी सरकतायत, आणि शेजारचा कोणीतरी असाच टोचून बोलणारा म्हातारा किल्ली सांभाळतोय! आता हेच वाक्य गुलाबाच्या फोटोवर टाकून बघा. नुसता शेरा होईल. अंतूशेटच्या तोंडून ते आलं की त्यात त्याचं अख्खं आयुष्य असतं.

सगळंच आज तितकं ताजं वाटतं असं मी म्हणणार नाही. बायकांवरचे, नवरा-बायकोवरचे काही विनोद आता जुने झालेत, आणि घरातल्या मुलींनी तसं म्हटलं तर वाद घालू नका, त्यांचं बरोबर आहे.

वाचायला सुरुवात कुठून करायची, हे बरेचजण विचारतात. माझं उत्तर 'व्यक्ती आणि वल्ली'तला 'नारायण'. लग्नघरात धावपळ करणारा, साड्यांच्या दुकानात बायकांबरोबर जाऊन सगळ्यांना सल्ले देणारा नारायण प्रत्येक नात्यागोत्यात एक असतोच. मुलं इंग्रजी शाळेत असतील तर त्यांना पुस्तक हातात देऊन मोकळे होऊ नका. जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचा. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना वाचायला लावा, आवाज काढून. अडलेला शब्द तिथल्या तिथे सांगून होतो, आणि अशी बायका-माणसं आपल्याकडे कोण होती, याच्या आठवणी निघाल्या की पुस्तक बाजूला राहतं. राहू द्या. एका बैठकीत एकच व्यक्ती वाचा, दोन नको. पुस्तकं विकत घ्यायची नसतील तर आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, 1893 पासून ठाण्यात उभं आहे.

खाली कॉमेंटमध्ये मला एक सांगा. तुमच्या घरात, इमारतीत, लोकलच्या डब्यात न मागता सल्ला देणारं माणूस कोण आहे, आणि ते नेमकं काय म्हणतं? वाक्य एकट्याने नको. माणसासकट लिहा.

पुढच्या व्हिडिओत तलावपाळीच्याच काठावर यायचंय. तिथल्या गडकरी रंगायतनबद्दल 'गडकरीला नाटक आहे' असं आपण सारखं म्हणतो, पण राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहीत, ते आपल्यातल्या किती जणांनी वाचलेत? 1919 च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुलंचा जन्म झाला. गडकऱ्यांच्या या लेखांत ठकीच्या लग्नाच्या मोहिमेत तिंबूनाना, भांबूराव आणि स्वतः बाळकराम वर शोधायला निघतात. पुस्तक मिळालं तर आधी वाचून ठेवा, मग बोलायला मजा येईल.