हाळी आणि विचारपूस

(नाशिकमध्ये महिला बचत गट आणि छोट्या उद्योजकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

मघाशी, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, मागच्या रांगेतल्या एक ताई माझ्याजवळ आल्या. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करतात. म्हणाल्या, "पोरगा म्हणतो फेसबुकवर टाक. पण आपलं कौतुक आपणच कसं करायचं? लाज वाटते हो." त्यांच्या शेजारी एक तरुण उभा होता. तो म्हणाला, "मी रोज टाकतो. कुणी बघतच नाही." सोशल मीडियावर आपला माल कसा सांगायचा आणि गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हा आजचा विषय. मला वाटतं, तो या दोघांनी दोन वाक्यांत मांडला. मी फक्त तो उलगडणार आहे.

आधी त्या ताईंच्या लाजेबद्दल. ही लाज आपल्यात उगाच आलेली नाही. समर्थ रामदासांनी इथंच, नंदिनीच्या काठी टाकळीला, बारा वर्षं तप केलं. त्यांनी मूर्खाची लक्षणं सांगताना 'आपली आपण करी स्तुती' हे लक्षण घातलं आहे. आपल्या आज्या-आयांनी ते न वाचताही पाळलं. पण त्याच आज्या आपल्याला आणखी एक सांगायच्या: बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. दोन्ही खरं आहे. म्हणून मी स्वतःपुरता एक फरक करून ठेवलाय. "यंदाचा बेदाणा तयार झाला, भाव अमुक, पिंपळगावहून आणून देऊ" ही माहिती झाली. "आमच्यासारखा बेदाणा अख्ख्या जिल्ह्यात मिळणार नाही" ही स्तुती झाली. माहिती द्यायला लाजायचं कारण नाही. स्तुती गिऱ्हाइकाने करायची असते, आणि तो करतो.

आता माझी गोष्ट. आमची निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माल वेलीवर होता. सौदा केलेला व्यापारी आलाच नाही, फोनही उचलेना. घरात बसून रडण्यापेक्षा आम्ही बेदाणा करायचं ठरवलं. शेजाऱ्याचं शेड आणि रॅक मिळाले. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. आमच्याकडे जवळजवळ दोन टन झाला. तो विकायचा कुठे? हातात एक फोन आणि फोनमध्ये व्हॉट्सअॅपचे चार ग्रुप: शाळेचा, सोसायटीचा, माहेरच्या नातेवाइकांचा आणि भिशीचा.

मी सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला चारही ग्रुपांवर फोटो आणि भाव टाकायला लागले. रोज. पहिल्या आठवड्यात मैत्रिणींनी घेतला. दुसऱ्या आठवड्यात अंगठे आले. मग काहीच येईना, तेव्हा मी फोटो बदलला, भाव ठळक केला, वर द्राक्षाचं चित्र लावलं.

एका संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मी सातला फोटो टाकला आणि फोन ठेवून दिला. रात्री एका मैत्रिणीचा मला वेगळा मेसेज आला: "अगं, वर बघ जरा." मी वर बघितलं. आमच्या वर्गातल्या एकीचे वडील त्या दुपारी गेले होते. भावपूर्ण श्रद्धांजलीचे तीस-पस्तीस मेसेज होते आणि त्यांच्या बरोबर मधे माझा बेदाणा, किलोच्या भावासकट. टाळेबंदीमुळे आमच्यापैकी कुणालाही तिच्याकडे जाता येत नव्हतं. तिला भेटायची जागा म्हणजे तो ग्रुपच होता, आणि तिथे मी दुकान मांडून बसले होते.

मी फोटो काढून टाकला आणि तिला फोन केला. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, उलट विचारलं, "तुमची द्राक्षं गेली का गं सगळी? काय केलंत?" वडील गेलेत त्या रात्री ती मला विचारतेय! आणि मी दीड महिना त्या ग्रुपवर रोज दोनदा जात होते, पण एकही मेसेज वाचलेला नव्हता. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, मला काही माहीत नव्हतं. मी फक्त बोलत होते. ती गोष्ट मला अजून बोचते. आज तुमच्यासमोर उभी आहे ती त्या रात्रीमुळे.

तुम्ही बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जाता ना? पुढच्या वेळी भाजीवाल्या मावशींकडे जरा थांबून बघा. त्या हाळी देतात, "या ताई, ताजी गिलकी, ताजी गिलकी." ती लांबून जाणाऱ्यांसाठी असते. पण तुम्ही समोर येऊन थांबलात की हाळी बंद. मग आवाज खाली येतो. "मागच्या वेळची मेथी कशी निघाली? पाहुणे गेले का?" हाताने भाजी लावणं चालू, डोळे तुमच्याकडे. मध्येच मागून कुणी गेलं तर पुन्हा एक हाळी, आणि परत तुमच्याशी. हे इतकं सहज होतं की आपल्या लक्षातही येत नाही. ज्या मावशी समोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानातही हाळीच देतील, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोण जाईल? सोशल मीडियावर आपण नेमकं हेच करतो. समोरचा थांबलाय, त्याने विचारलंय, आणि आपली हाळी चालूच.

यात थोडा आपल्या स्वभावाचाही भाग आहे. २०१२ साली हार्वर्डमधल्या दोन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस स्वतःविषयी बोलतो तेव्हा मेंदूतले सुखाशी, बक्षिसाशी जोडलेले भाग जास्त जागे होतात, असं त्यांना दिसलं. स्वतःबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मिळावं म्हणून लोकांनी प्रयोगात मिळणारे थोडे पैसेही सोडले. म्हणजे स्वतःबद्दल बोलणं गोड लागतं, सगळ्यांनाच. तुम्हाला गोड लागतं तसं तुमच्या गिऱ्हाइकालाही लागतं. मग त्याला बोलायला जागा कोण देणार?

त्या रात्रीनंतर मी एकच शिस्त लावून घेतली: आधी वाचायचं, दोन-चार जणांना उत्तर द्यायचं, मग लिहायचं. वेळ नसेल तर लिहिणंही नाही. सुरुवातीला वाटलं, विक्री बसणार. झालं ते ऐका.

सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "तुमचा बेदाणा काळपट हिरवा का? बाजारात पिवळाधमक मिळतो." आधीची मी असते तर मनाला लावून घेतलं असतं. या वेळी मी शेडमध्ये गेले, रॅकवरचा बेदाणा तळहातावर घेतला, त्याचा फोटो काढला आणि नीट उत्तर लिहिलं. द्राक्षं कशात बुडवून काढतो, सावलीत किती दिवस वाळवतो, पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी देतात ती काय असते, आम्ही ती का दिली नाही, आणि त्यामुळे आमचा रंग दिसायला कमी का आहे. त्यात भाव लिहिला नव्हता. त्याखाली प्रश्नांची रांग लागली. धुतल्यावर चिकट होतो का? फ्रिजमध्ये ठेवायचा का? देठ राहतात ते कसे काढायचे? मी रात्री साडेदहापर्यंत एकेकीला उत्तर देत होते. दुसऱ्या दिवशी ज्यांनी वेगळा मेसेज करून भाव विचारला, त्यात ग्रुपवर एक अक्षरही न लिहिलेली माणसंच जास्त होती. ती सगळी वाचत होती.

एकीने विचारलं, "सासूबाईंना मधुमेह आहे, चालेल का?" शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. मी तेच सांगितलं आणि लिहिलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ती दोन किलोची ऑर्डर गेली. जाऊ दे. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीपुढे माझे दोन किलो काय?

आणखी एक. मी बागेतल्या एका पानाचा फोटो टाकला, पानावर पांढरी भुकटी, आणि लिहिलं, "डाऊनी आली हो." दिंडोरीच्या एका आजोबांनी लिहिलं, "पोरी, ही भुरी आहे. डाऊनीचा पांढरा थर पानाच्या खालून येतो, वर तेलकट पिवळा डाग दिसतो." डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन वेगळे बुरशीचे रोग, आणि मी त्यांची गल्लत केली होती. चूक सगळ्यांसमोर झाली होती, म्हणून आभारही सगळ्यांसमोर मानले. ते आजोबा आज आमच्या बागेचे सल्लागार आहेत म्हटलं तरी चालेल. माझ्या कुठल्याही जाहिरातीने मला असं माणूस मिळवून दिलं नव्हतं.

पण गप्पांचं सोंगही आणता येतं, आणि ते लोकांना लगेच कळतं. "तुमचा आवडता सुकामेवा कोणता? कमेंटमध्ये सांगा" असं विचारायचं, साठ जणांनी सांगायचं, आणि आपण एकालाही उत्तर द्यायचं नाही. लोकांनी आपल्यासाठी वेळ काढला आणि आपण तो आकड्यात मोजला. 'लाईक करा, पाच जणांना टॅग करा' अशा पोस्टना खाली ढकलायचं फेसबुकनेच २०१७ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, माणसामाणसांतल्या संवादाला पुढे आणायचं ठरवलं आणि त्यामुळे धंद्याच्या पानांच्या पोस्ट कमी लोकांना दिसू लागल्या. दुसऱ्याच्या आनंदात आपला माल घुसवणं तर त्याहून वाईट. कुणाच्या मुलाला चांगले गुण मिळाले तर अभिनंदन लिहा आणि थांबा. त्याखाली आपला नंबर नको.

व्हॉट्सअॅपवर धंदा करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रॉडकास्ट लिस्टवरून, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीवरून, पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. म्हणजे तुमच्याकडे दोनशे नंबर असून उपयोग नाही, त्या दोनशे जणांच्या फोनमध्ये तुमचं नाव हवं. कुणी आपलं नाव फोनमध्ये लिहून घेतं म्हणजे उंबऱ्याच्या आत घेतं. मी आता कुणालाही विचारल्याशिवाय यादीत घालत नाही, आणि नको म्हणाल्यावर कारण विचारत नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. कुणी फुकट वस्तू दिली म्हणून तुम्ही तिची वाहवा करत असाल तर ती फुकट मिळाली हे ठळक लिहायला हवं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. आणि भावाला, वहिनीला गिऱ्हाईक म्हणून कौतुक लिहायला लावू नका. कृपा करून लावू नका.

त्या तरुणाने विचारलं होतं, मग किती पोस्ट मालाच्या आणि किती गप्पांच्या? आकडा मी देणार नाही, कारण मी स्वतः आकड्याने चालत नाही, हंगामाने चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जानेवारीपासून काढणी. माल तयार झाला की मी दणकून हाळी देते, भाव लिहिते, दोनदा लिहिते. त्यात संकोच नाही. पण वर्षभर ज्यांनी आमच्या बागेवरचा पाऊस बघितला, छाटणी बघितली, भुरीचं पान बघितलं, त्यांना ती हाळी उपरी वाटत नाही. ते वाटच बघत असतात.

आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९१२ साली त्यांना चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता आणि चित्रपट काढता येतो यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाची रोज थोडीथोडी छबी टिपत राहिले आणि मग पडद्यावर तो अंकुर भराभर वाढताना लोकांना दाखवला. बघणाऱ्यांनी पैसे पुढे केले. 'मी किती हुशार' हे त्यांना सांगावंच लागलं नाही. पुढे १९१३ मध्ये चित्रपट आल्यावर त्यांनी जाहिरातही दमदार केली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत! आधी वाटाणा दाखवला आणि वेळ आल्यावर हाळीही दिली.

नागलीच्या ताई, आता तुमच्याकडे येते. मघाशी तुम्ही म्हणालात, "मला लिहिता येत नाही, काय टाकणार?" मग मी तुम्हाला विचारलं, पीठ किती दिवस भिजत घालता? आणि तुम्ही दहा मिनिटं बोललात. भिजवलेलं पाणी रोज कसं बदलायचं, उकड हाताला कशी लागली की समजायचं झाली, ढग आले की सासूबाई पापड कुठल्या खोलीत उचलून न्यायच्या. तुमच्या डोळ्यांत त्या वेळी जराही लाज नव्हती. मला तर तिथेच पापड घ्यावेसे वाटले, आणि तुम्ही मला 'घ्या' म्हणाला नव्हतात.

आता प्रश्नोत्तरांची वेळ आहे. पण आधी, दादा, तो माइक जरा मागे त्यांच्याकडे द्या. ताई, उकडीचं ते परत एकदा सांगा, सगळ्यांना ऐकू येईल असं.