एका बसबारवर दोन जनरेटर

मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते आणि बर्फाला मागणी येते. पावसापाण्याने लाईन गेली, तरी कारखान्यातला अमोनियाचा कॉम्प्रेसर फार वेळ बंद ठेवून चालत नाही, कारण मिठाच्या पाण्याची टाकी तापू लागते आणि डब्यांतला बर्फ जमायचा थांबतो. अशा एका कारखान्यात 200 आणि 100 किलोवॅटचे दोन डिझेल जनरेटर एकाच बसबारला, म्हणजे सगळी वीज गोळा होऊन पुढे वाटली जाते त्या जाड धातूच्या पट्टीला, जोडायचे आहेत, असे धरून चालू.

मोठा जनरेटर आधीपासून चालू आहे. लहान जोडण्यापूर्वी दोघांचे व्होल्टेज, वारंवारता आणि फेजचा क्रम जुळलेला असावा लागतो. पॅनेलवरच्या सिंक्रोस्कोपचा, म्हणजे दोन यंत्रांच्या लहरींतला फरक दाखवणाऱ्या मीटरचा, काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरतो आहे, याचा अर्थ येणारे यंत्र किंचित वेगात आहे. काटा बाराच्या खुणेवर पोहोचायच्या जरासा आधी ऑपरेटर ब्रेकर (जनरेटर बसबारला जोडणारा मोठा स्विच) लावतो, कारण ब्रेकर मिटायलाही क्षणभर लागतो. ही वेळ फार चुकली, तर कपलिंगपासून वाइंडिंगपर्यंत सगळ्यांना हिसका बसतो.

जोडणी झाल्यावर दोघांची वारंवारता एकच राहते. मग कोणी किती भार उचलायचा, हे ठरते गव्हर्नरच्या (इंजिनाला डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) ड्रूपवरून, म्हणजे भार वाढेल तसा वेग थोडा उतरू देण्याच्या योजनेवरून. दोन्ही यंत्रे बिनभाराची असताना 52 हर्ट्झवर आणि पूर्ण भाराला 50 हर्ट्झवर येतील अशी लावली, तर 150 किलोवॅटचा भार आपोआप 100 आणि 50 असा, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे वाटला जातो आणि वारंवारता 51 वर स्थिरावते. आता लहान यंत्राची वेगाची मांडणी 1 हर्ट्झने वर नेली, तर त्याच्यावर सुमारे 83 किलोवॅट येतात आणि मोठ्याकडे 67 उरतात. ड्रूप अजिबात नसलेली दोन यंत्रे परस्परांशी संपर्क न ठेवता जोडली, तर भार एकीकडून दुसरीकडे भरकटत राहतो. वेग उतरू देणे हा दोष वाटतो खरा, पण वाटणी त्याच्याच जोरावर होते.

व्होल्टेज वाढवले की यंत्र जास्त भार घेईल, हा समज पॅनेलपाशी हटकून भेटतो. किलोवॅट डिझेलमधून येतात. व्होल्टेज रेग्युलेटरच्या हाती असते ते एक्सायटेशन, म्हणजे जनरेटरच्या चुंबकाला दिलेला प्रवाह, आणि त्याने वाटला जातो तो रिॲक्टिव्ह भार, म्हणजे प्रत्यक्ष काम न करता मोटरचे चुंबकीय क्षेत्र उभे करणारा भार. कॉम्प्रेसरची मोटर थेट सुरू केली, तर ती पूर्ण भाराच्या साधारण सहापट प्रवाह कमी पॉवर फॅक्टरने (म्हणजे बराचसा रिॲक्टिव्ह) ओढते, तेव्हा ही वाटणी कसाला लागते. दोघांचे एक्सायटेशन जुळलेले नसेल, तर प्रवाह दोन यंत्रांतच फिरत राहतो: अँपिअरमीटर चढलेला दिसतो आणि किलोवॅटमीटर जागचा हलत नाही.

रात्री भार 60 किलोवॅटवर आला, तर मूळच्या मांडणीवर वाटणी 40 आणि 20 अशी होईल, आणि इतक्या हलक्या भारावर फार वेळ चालवले तर डिझेल इंजिनात काजळी धरते. तेव्हा मोठ्या यंत्राची वेगाची मांडणी हळूहळू खाली आणून त्याचा भार शून्याजवळ नेतात आणि मगच ब्रेकर उघडतात. मांडणी त्याहून खाली गेली, तर लहान जनरेटर मोठ्यालाच मोटरसारखा फिरवू लागतो; तशा वेळी वीज उलटी वाहते आहे हे ओळखणारा रिव्हर्स पॉवर रिले ब्रेकर पाडतो.