मीठ न लावता: लोफोटेनच्या वाटेवर

(दृश्य: पहाट. धावत्या गाडीची खिडकी. बाहेर बर्फाचं माळरान, नजर जाईल तिथवर एकही झाड नाही.)

मार्च महिना. काल रात्री नॉर्वेतल्या त्रोनहाइमहून निघालेली आपली गाडी आता सल्तफ्येलच्या पठारावर चढली आहे. तासाभरापूर्वी खिडकीबाहेर झाडं होती. मग ती खुजी झाली, विरळ झाली आणि संपली. इथली उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ६८० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्मी. पण एवढ्या उंचीवरही झाड तग धरत नाही, इतके आपण उत्तरेला आलोय.

रुळालगत दगड रचून केलेली ती खूण पाहिलीत? ते आर्क्टिक वृत्त. त्याच्या पलीकडे उन्हाळ्यात निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात निदान एक दिवस तो उगवत नाही.

हे पठार ओसाड दिसतं, पण ते कुणाचंच नाही असं समजू नका. इथले मूळ रहिवासी, सामी लोक, पिढ्यानपिढ्या इथे रेनडिअर चारत आलेत. आणि ज्या रुळांवरून आपण चाललोय त्यांचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. हा मार्ग उत्तरेकडे रेटण्यासाठी त्यांनी सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह युद्धकैद्यांना कामाला जुंपलं. थंडीनं आणि उपासमारीनं कितीतरी जण इथेच गेले. रेल्वे बूडो गावापर्यंत पोचायला मात्र १९६२ साल उजाडलं. गरम डब्यात बसून, हातात कॉफीचा कप धरून हे पठार ओलांडताना त्या माणसांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही.

(दृश्य: बूडोचा धक्का. जहाज सुटतं. समोर पाणी, त्यापलीकडे क्षितिजावर दातेरी डोंगररांग.)

रेल्वे बूडोला संपते. इथून पुढे जहाज. किनाऱ्यानं चालणारी ही बोटसेवा १८९३ साली सुरू झाली. दक्षिणेला बर्गन, उत्तरेला रशियाच्या सीमेजवळचं किर्केनेस, आणि मधे एकामागून एक बंदरं. टपाल, सामान, माणसं, सगळं तिच्यावरच चाले.

समोर पसरलंय ते वेस्टफियॉर्डचं पाणी. पलीकडे जी काळीपांढरी रांग दिसते तिला इथले लोक ‘लोफोटेनची भिंत’ म्हणतात. लांबून खरोखरच एक सलग भिंत वाटते. जवळ गेलं की ती फुटते आणि एकेक बेट सुटं होतं. हिमनद्यांनी कोरलेले सुळके, त्यांच्या पायथ्याशी पाणी, आणि पाण्याच्या काठावर, जिथे घर बांधायला हातभर सपाट जागा सापडली तिथे, गाव.

माणसं इथे आली ती एका माशासाठी. कॉड. वर्षातले बरेच महिने हा मासा दूर उत्तरेच्या बॅरेन्ट्स समुद्रात असतो. पूर्ण वाढ झाली की जानेवारीच्या सुमारास शेकडो किलोमीटर पोहत इथे अंडी घालायला येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. प्रवासाला निघालेल्या या कॉडला इथे वेगळं नाव आहे, ‘स्क्रेय’. ज्या जुन्या शब्दावरून ते आलं त्याचा अर्थच वाट चालणं. वाटसरू मासा म्हणा ना.

(दृश्य: रात्र. स्वोल्वेर बंदराचं तोंड. खडकावर हात उंचावलेल्या स्त्रीचा पुतळा.)

स्वोल्वेर. बंदरात शिरताना ही बाई आपल्याला भेटते. कोळ्याची बायको. एक हात वर करून समुद्राकडे बघत उभी आहे. हा निरोप आहे की स्वागत, ते बोट कुठल्या दिशेला चाललीय त्यावर ठरतं. उघड्या, शिडाच्या होड्यांच्या काळात इथल्या एकेका वादळात शेकडो माणसं जायची. त्या काळी खडकावर उभं राहून वाट बघणं हा इथल्या बायकांचा दरवर्षीचा हिवाळा होता.

(दृश्य: सकाळ. छोटी बोट दोन उभ्या कड्यांच्या मधे शिरते. वर समुद्री गरुड.)

स्वोल्वेरहून छोट्या बोटीनं आपण ट्रोलफियॉर्डमध्ये आलोय. फियॉर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेला समुद्राचा फाटा. लांबी दोन किलोमीटर, आणि तोंड अवघं शंभर मीटर रुंद. दोन्हीकडे सरळ उभे कडे. मान मागे टाकावी तेव्हा कुठे आभाळ दिसतं.

१८९० च्या मार्चमध्ये या चिंचोळ्या पाण्यात कॉडचा थवा शिरला. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या बोटी आधी पोचल्या. त्यांनी तोंडाशी जाळी लावून फियॉर्ड बंद केला. आत मासळी, बाहेर शेकडो उघड्या होड्या आणि हिवाळ्याची सगळी कमाई डोळ्यांदेखत अडवलेली माणसं. मग ती आत घुसली. वल्ह्यांनी, गळांनी, हाताला येईल त्यानं मारामारी झाली. ‘ट्रोलफियॉर्डची लढाई’ म्हणून ती आजही ओळखली जाते. मासा कुणाचा, मोठ्या भांडवलाचा की वल्हं मारणाऱ्याचा, हा प्रश्न त्या दिवसानंतर नॉर्वेच्या संसदेला टाळता आला नाही. थोड्याच वर्षांत लोफोटेनच्या पाण्यात असं वेढा घालणारं जाळं लावायला कायद्यानं बंदी आली.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पर्ससीनचा, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा, वाद ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे सगळं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

(दृश्य: हेनिंग्सवेर. बेटभर लाकडी मांडव, त्यांवर हजारो मासे टांगलेले. वाऱ्याचा आवाज.)

आता जरा थांबू. ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो ते हे.

या लाकडी मांडवांना इथे ‘येल’ म्हणतात. मासा साफ करायचा, मुंडकं वेगळं काढायचं, सारख्या आकाराचे दोन मासे निवडायचे, त्यांच्या शेपट्या एका दोरीनं बांधायच्या आणि जोडी आडव्या दांडीवर टाकायची. एक मासा अलीकडे, एक पलीकडे. झालं. मीठ लावत नाहीत. धूर देत नाहीत. भट्टी नाही, यंत्र नाही.

माझ्या डोळ्यांसमोर वेसावे आणि अर्नाळ्याच्या, मासळी सुकवायच्या वलांडी आल्या. तिथेही बोंबील जोडीनंच टांगतात, पण जबड्यात जबडा अडकवून. तिथे ऊन आणि खारा वारा, दोन-चार दिवसांत काम फत्ते. इथे शेपटीला शेपटी आणि तीन महिन्यांची थंडी. समुद्र वेगळा, मासा वेगळा, पण सुकवणाऱ्याची बोटं त्याच एका युक्तीपाशी पोचलेली.

ही थंडीही साधीसुधी नाही. जगात याच अक्षांशावर बाकी ठिकाणी हिवाळ्यात सगळं गोठून दगड होतं. इथे अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला घासून जातो, म्हणून पारा शून्याच्या आसपास, थोडा खाली, थोडा वर असा घुटमळत राहतो. नेमकं तेच हवं असतं. कडाक्याची थंडी पडली तर मासा आतून गोठतो, त्याचे धागे फाटतात आणि माल वाया जातो. ऊब वाढली तर माश्या बसतात, मासा सडतो. फेब्रुवारी ते मे या दिवसांत माश्या अजून जन्मलेल्या नसतात, वारा चालू असतो, अधूनमधून पाऊस आणि बर्फ येऊन जातं. पाच किलोचा मासा सुकून किलोभर उरतो. पुढे वर्षानुवर्षं टिकतो.

जूनच्या सुमारास मासळी खाली उतरवतात. मग येतो पारखी. तो एकेक मासा हातात घेऊन उजेडात धरतो, दाबतो, वास घेतो, आणि वीसच्या आसपास प्रतींपैकी एकीत टाकतो. या नजरेला पर्याय देणारं यंत्र अजून आलेलं नाही. लोफोटेनच्या या सुक्या मासळीला, ‘तोरफिस्क’ला, युरोपात भौगोलिक मानांकनही आहे. जसं आपल्याकडे देवगडच्या हापूसला.

(दृश्य: मासळी उतरवण्याची शेड. दहा-बारा वर्षांची मुलं, रबरी एप्रन, हातात सुरी.)

ही मुलं बघा. शाळा सुटली की थेट इथे येतात. समोर एक उभा लोखंडी खिळा. कॉडचं मुंडकं त्या खिळ्यावर खालून दाबायचं, की जीभ वर येते. सुरीचा एक फटकारा, जीभ बादलीत, मुंडकं पलीकडच्या ढिगात. पुढचं मुंडकं. हात इतके सराईत की सुरी नेमकी कधी फिरली ते कळत नाही. कॉडच्या जिभा इथे आवडीनं तळून खातात, त्यांना भाव चांगला मिळतो, आणि हा धंदा परंपरेनं मुलांचाच आहे. जिभांचे पैसे मुलांचे. मोठ्यांनी त्यात हात घालायचा नाही.

आणि त्या ढिगातली मुंडकी? तीही ओवून सुकवतात. ती जातात थेट नायजेरियाला. तिथून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धात, १९६७ ते १९७० च्या उपासमारीत, नॉर्वेहून मदत म्हणून ही सुकी मासळी तिथे गेली होती. ती नासत नव्हती आणि तिच्यात प्रथिनं भरपूर होती. इग्बो भाषेत तिला ‘ओकपोरोको’ म्हणतात. भांड्यात पडली की खडखड वाजते, म्हणून. तिथल्या रश्श्याला आज तिच्यावाचून चव येत नाही.

माशाचं काहीच टाकत नाहीत. गाभोळी खातात. उकडलेला कॉड, त्याचं काळीज आणि गाभोळी असं एकत्र ताट हिवाळ्यात घरोघरी होतं. आणि काळजाचं तेल तर आपल्याही घरी पोचलं होतं! लहानपणी चमच्यानं किंवा पिवळ्या पारदर्शक गोळीतून घेतलेलं कॉड लिव्हर ऑइल आठवतंय? त्या तेलाला आधी सडका वास यायचा, कारण काळीज पिंपात कुजवून तेल काढत. १८५० च्या दशकात पेटर म्योलर या औषधनिर्मात्यानं ताजं काळीज वाफेवर तापवून स्वच्छ तेल काढायची रीत बसवली. याच तेलापासून ग्लिसरीन मिळतं, ग्लिसरीनपासून स्फोटकं होतात. ते जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून ४ मार्च १९४१ ला ब्रिटिश सैनिक या बंदरांत उतरले आणि त्यांनी माशाच्या तेलाचे कारखाने उडवून दिले.

(दृश्य: गाडी रस्त्याला लागते. पूल, बोगदे, डावीकडे समुद्र, उजवीकडे कडा.)

ई १० हा रस्ता बेटांना दोऱ्यात ओवल्यासारखा नैऋत्येकडे जातो. वाटेत बोर्ग लागतं. १९८१ मध्ये इथे एका शेतकऱ्याच्या नांगराला जुने अवशेष लागले आणि पुढे उत्खननात व्हायकिंग काळातल्या सरदाराचं घर निघालं. ८३ मीटर लांब. आजवर सापडलेलं त्या काळातलं सर्वांत मोठं घर हेच.

पुढे हामनॉय, रेइने. फोटोत पाहिलेलं लोफोटेन ते हेच: खांबांवर उभी लाल घरं, मागे टोकदार डोंगर. या घरांना ‘रोरबू’ म्हणतात. लांबून वल्हवत आलेल्या कोळ्यांनी हंगामापुरतं राहायची जागा, असा त्याचा अर्थ. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा ऑयस्टाइननं काबेलवोगपाशी अशी घरं बांधून दिली होती. एका खोलीत अख्ख्या होडीची माणसं, ओले कपडे, जाळी, सगळं एकत्र. आता तिथे पर्यटक उतरतात, पंखांच्या मऊ रजईत झोपतात. त्यात गैर काही नाही. घर पडून राहण्यापेक्षा वापरात असलेलं बरं. पण झोपण्यापूर्वी पायाखालच्या फळ्यांवर एकदा हात फिरवून बघा.

(दृश्य: रस्ता संपतो. गावाची पाटी, तिच्यावर एकच अक्षर.)

रस्ता संपला. गावाचं नाव आहे ‘ओ’. नॉर्वेच्या भाषेत ते एकाच अक्षरानं लिहितात, अर्थ ओढा. पुढे मोस्केनेसचा भोवरा, जगातल्या सर्वांत दांडग्या भरती-ओहोटीच्या प्रवाहांपैकी एक. त्यापलीकडे वेरॉय, आणि सर्वांत शेवटी रॉस्ट नावाचं सपाट बेट.

१४३१ साली क्रीटहून ६८ माणसं आणि दारूची पिंपं घेऊन निघालेलं व्हेनिसच्या पिएत्रो क्वेरिनीचं जहाज वादळात सापडलं. वाचलेले मूठभर लोक होडीतून वाहत जाऊन १४३२ च्या जानेवारीत रॉस्टजवळच्या निर्जन खडकावर लागले. रॉस्टच्या कोळ्यांना ते सापडले, तेव्हा त्यांतले अवघे ११ वाचले. कोळ्यांनी त्यांना घरी नेलं, आपल्या ताटातलं दिलं, तीन-साडेतीन महिने सांभाळलं. परक्या माणसांचा हा जिव्हाळा आणि वाऱ्यावर लाकडासारखी कडक सुकणारी ही बिनमिठाची मासळी, दोन्ही गोष्टी क्वेरिनीनं आपल्या वृत्तांतात लिहून ठेवल्या. परतताना ती मासळी त्याच्यासोबत होती. आज तोरफिस्कचा सर्वांत मोठा चाहता इटलीच आहे, आणि त्यातही व्हेनिसच्या आसपासचा मुलूख.

(दृश्य: ‘ओ’ गावातला मांडव. कलतं ऊन. कॅमेरा एका जोडीवर येऊन थांबतो.)

गावाच्या टोकाला हा शेवटचा मांडव. यातली अलीकडची मासळी परवाची, अजून मऊ आहे, बोट लावलं तर दबते. पलीकडची फेब्रुवारीतली. तिची कातडी ताणून चामड्यासारखी झालीय, कडा आत वळल्यात, दोरी शेपट्यांत रुतून बसलीय. वारा सुटला की त्या जोड्या एकमेकींवर आपटतात.

ऐका.

(निवेदन थांबतं. फक्त वारा, आणि मासळीची खडखड.)