छत्तीस वर्षांचा गोली

नमस्कार श्रोतेहो.

हॉकी म्हटलं की आपल्याला मैदान आठवतं, खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. आज मी बोलणार आहे बर्फावरच्या हॉकीबद्दल, आणि त्यातही एका वादाबद्दल. दर वर्षी फेब्रुवारी-मार्च आला की कॅनडा-अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या शहरात हा वाद पेटतो. आपला संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, उंबरठ्यावर आहे, गोलजाळीत भरवशाचा माणूस नाही, आणि दुसऱ्या संघाकडे एक मुरलेला, वय झालेला गोलरक्षक आहे. त्याला आणावं का? आणायचा तर त्याच्या बदल्यात काय द्यावं?

मी हा वाद पहिल्यांदा ऐकला २००६ च्या मार्चमध्ये, कॅनडातल्या एडमंटनमध्ये. मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे फुटबॉल सामने बघत वाढले. सामना हरला की गोलकीपरचं काय करायचं यावर कट्ट्यावर रात्र रात्र चाललेली भांडणं घरात झोपल्या जागी कानावर यायची. नोकरीसाठी एडमंटनला गेले तेव्हा तिथली हॉकी मला कळत नव्हती. पण कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत डबे उघडल्यावर जो आवाज चढायचा, तो मी ओळखला. तो आमच्या कट्ट्यावरचाच होता.

आधी थोडं या गोलरक्षकाबद्दल, कारण त्याचं काम कळल्याशिवाय लोक इतके का भांडतात ते कळणार नाही. तिथे त्याला गोली म्हणतात. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात. पुढचे पाच जण पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतात आणि बाकावर येऊन बसतात, त्यांच्या जागी ताजे पाच जण उतरतात. गोली मात्र साठही मिनिटं तिथेच असतो. मागे सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळी. समोरून येते ती एक इंच जाडीची कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. जोरदार फटक्यात ती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते, आणि बऱ्याचदा गोलीला ती दिसतच नाही, कारण समोर चार-पाच धिप्पाड माणसं मुद्दाम आडवी उभी असतात.

त्या हंगामात एडमंटन ऑइलर्सकडे, म्हणजे तिथल्या संघाकडे, तीन गोली होते: युसी मार्कानेन, टाय कॉंक्लिन आणि माइक मॉरिसन. एकावरचा भरवसा उडाला की दुसरा उतरवायचा, तो चुकला की तिसरा. तिघंही शंभरातले अठ्ठ्याऐंशीच्या आसपास फटके अडवत होते. ऐकायला हे बरं वाटतं. पण सामन्यात तीस फटके धरले, तर अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचा गोली सरासरी ३.६ गोल खातो. साडेनव्वद टक्क्यांचा खातो २.८५. पाऊण गोलाचा फरक, तोही दर सामन्याला. जिथे कितीतरी सामने एका गोलानं हरले-जिंकले जातात तिथे हा पाऊण गोल म्हणजे अख्खा हंगाम.

आणि हा संघ एरवी चांगला होता. ख्रिस प्राँगरसारखा बचावपटू त्याच वर्षी आलेला. आधीचा पूर्ण हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या भांडणातल्या टाळेबंदीत वाया गेलेला, नव्यानं पगाराची कमाल मर्यादा लागू झालेली, त्यामुळे एडमंटनसारख्या लहान शहराला कित्येक वर्षांनी मोठ्या शहरांशी बरोबरी करता येत होती. या शहरानं १९८४ ते १९९० मध्ये पाच स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकलेत. गोलजाळीत ग्रँट फ्यूर आणि बिल रॅनफर्ड पाहिलेत. तिथल्या माणसाला गळका गोली सोसत नाही.

मिनेसोटा वाइल्ड या संघात ड्वेन रोलोसन नावाचा गोली होता. वय ३६. जुलैत करार संपणार. मिनेसोटानं त्याच्याऐवजी मॅनी फर्नांडेझला पहिली पसंती दिलेली. तो मिळेल अशी कुजबुज सुरू झाली आणि जेवणाच्या खोलीत दोन तट पडले.

तिथल्या एनएचएल या लीगमध्ये दुसऱ्या संघाचा खेळाडू पैसे मोजून घेत नाहीत. आयपीएलसारखा लिलाव नसतो. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचा, नाहीतर ड्राफ्टमधला हक्क द्यायचा. ड्राफ्ट म्हणजे अठरा वर्षांच्या आसपासची पोरं निवडायचा वार्षिक दिवस, आणि पहिल्या फेरीतला हक्क म्हणजे सोन्याचं नाणं. मिनेसोटा तेच मागणार हे उघड होतं.

विरोधकांचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं, हे मी आज कबूल करते. तीन महिन्यांच्या पाहुण्यासाठी घरचं बियाणं द्यायचं का? जुलैत तो दुसरीकडे गेला तर हात रिकामे. शिवाय मिनेसोटा आपल्याच गटातला संघ, म्हणजे आपल्या बियाण्यावर शेजाऱ्याचं शेत पिकणार. आणि या शहराच्या मनात एक जुनं दुखणं आहे. १९८८ मध्ये वेन ग्रेट्झ्कीला, त्यांच्या सर्वांत लाडक्या खेळाडूला, लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, ती गोष्ट तिथली आजोबा मंडळी अजून हळू आवाजात सांगतात. अशा शहरात मौल्यवान काही देऊन टाकायचं म्हटलं की लोक आधी दचकतात.

दुसऱ्या तटाचे म्होरके होते आमचे फोरमन. युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांच्या घरातले, बोलायला अगदी कमी. त्यांचा मुद्दा वयाचा नव्हता की किमतीचाही नव्हता. बचावपटूंचे पाय बघा, असं ते म्हणायचे. पाठीमागच्या माणसावर भरवसा नसला की पुढचे पाच जण पुढे धावतच नाहीत, घराकडे बघत बघत खेळतात. प्राँगरसारखा माणूससुद्धा पक घेऊन वर जायच्या ऐवजी जाळीपाशी घुटमळतो. म्हणजे गोली नुसते गोल खात नाही, आपल्या माणसांचं धाडसही खातो. त्यानंतर मी सामना बघताना पकवरून नजर काढून पायांकडे बघायला लागले. त्यांचं खरं होतं.

८ मार्च २००६ ला, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, सौदा झाला. एडमंटनचे जनरल मॅनेजर केव्हिन लो यांनी पहिल्या फेरीचा हक्क दिला, वर अटींसह आणखी एक हक्क दिला, आणि रोलोसन आला.

पुढचे काही आठवडे विरोधकांचे होते. रोलोसननं एडमंटनसाठी नियमित हंगामात १९ सामने खेळले: ८ विजय, ७ पराभव, आणि ४ जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये गमावलेले. यासाठी पहिली फेरी दिली का, हा प्रश्न रोज डब्याबरोबर उघडला जायचा. संघ कसाबसा आठव्या, म्हणजे शेवटच्या जागेवरून प्लेऑफमध्ये शिरला. समोर डेट्रॉइट, त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवलेला संघ.

प्लेऑफमध्ये जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे जातो. डेट्रॉइटला एडमंटननं सहा सामन्यांत घालवलं. मग सॅन होजे. तिथे पहिले दोन सामने हरले, तिसरा एडमंटनच्या घरच्या बर्फावर, रेक्सॉल प्लेसवर, तिसऱ्या जादा वेळेपर्यंत गेला. त्या रात्री मी घरात उभ्यानं टीव्ही बघत होते, बसवत नव्हतं. रोलोसन एकामागून एक फटके अडवत होता आणि पुढचे पाच जण, श्रोतेहो, पुढे धावत होते. मागे वळून कुणी बघत नव्हतं. शेवटी शॉन हॉरकॉफनं गोल केला, आणि तिथून एडमंटननं सलग चार जिंकले. मग ॲनाहाइमला पाच सामन्यांत. आठव्या क्रमांकाचा संघ स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत. एडमंटनच्या व्हाइट ॲव्हेन्यू या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

५ जून. कॅरोलायनाच्या बर्फावर अंतिम फेरीचा पहिला सामना. एडमंटन ३-० पुढे होतं, मग बरोबरी झाली. शेवटची सहाएक मिनिटं उरली असताना जाळीपाशी धडक झाली, आणि प्रतिस्पर्धी खेळाडू एडमंटनच्याच बचावपटूच्या रेट्यानं रोलोसनच्या अंगावर जाऊन आदळला. गुडघा गेला. तो बर्फावरून उठून गेला तो त्या हंगामात परत आला नाही. त्याच्या जागी कॉंक्लिन उतरला, थंड अंगानं. सामना संपायला अर्धं मिनिट असताना जाळीमागे पक कुणी घ्यायचा यात तो आणि कर्णधार जेसन स्मिथ यांची गफलत झाली, पक सुटला आणि रॉड ब्रिंड'अमोरनं तो रिकाम्या जाळीत ढकलला. ५-४.

मला आजही त्या कॉंक्लिनसाठी वाईट वाटतं. महिनोन्महिने बाकावर बसलेल्या माणसाला अशा वेळी उतरवलं की दोष त्याच्या एकट्याच्या पदरात टाकता येत नाही.

पुढचे सामने मार्कानेन खेळला, ज्याला मार्चमध्ये आम्ही सगळ्यांनी निकालात काढलं होतं. त्यानं मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली, सहाव्या सामन्यात एकही गोल खाल्ला नाही. सातवा सामना १९ जूनला ३-१ नं गेला. आणि समोर कॅरोलायनाच्या जाळीत कोण होतं? कॅम वॉर्ड, वय २२, पहिलाच हंगाम. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

म्हणून छत्तीस की बावीस यावर मी आता वाद घालत नाही. गळती कुठे आहे ते आधी बघावं, मग माणूस शोधावा, असं माझं मत आहे. एडमंटनची गळती गोलजाळीत होती, औषध जागेवर लागलं. कप हुकला तरी सौदा बरोबरच होता. दिलेल्या हक्कातून पुढे ट्रेव्हर लुइस निवडला गेला आणि तो लॉस एंजेलिसबरोबर दोन कप जिंकला, हे ठाऊक असूनही मी हे म्हणते.

याउलट सेंट लुइस ब्लूज, फेब्रुवारी २०१४. संघ लीगच्या अव्वल संघांत. गोलजाळीत यारोस्लाव्ह हलाक आणि ब्रायन एलियट, दोन वर्षांपूर्वी सर्वांत कमी गोल खाल्ल्याबद्दलची जेनिंग्ज ट्रॉफी मिळवलेली जोडी. तरी वाटलं, कप जिंकायचा तर मोठं नाव हवं. म्हणून बफेलोहून रायन मिलरला आणलं. हा २०१० च्या ऑलिंपिकमधला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्याबरोबर स्टीव्ह ऑट आला. बदल्यात हलाक, ख्रिस स्टुअर्ट, तरुण विल्यम कॅरियर, पहिल्या फेरीचा हक्क आणि वर आणखी एक हक्क गेला. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत शिकागोविरुद्ध ब्लूज २-० पुढे गेले आणि मग सलग चार हरले. त्या चार सामन्यांत त्यांनी मिळून सहा गोल केले. सहा! तिथे जाळीत देव उभा केला असता तरी काय फरक पडला असता? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मिलरला लोकांनी फार बोल लावला, मला तो अन्याय वाटतो. उन्हाळ्यात तो व्हँकुव्हरला गेला.

आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा सेंट लुइसचाच, २०११ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला एक पोरगा खालच्या लीगमध्ये खेळत होता. जॉर्डन बिनिंग्टन. मध्ये एक वर्ष त्याला बॉस्टनच्या खालच्या संघात उसना पाठवलेला. २०१९ च्या जानेवारीच्या सुरुवातीला ब्लूज अख्ख्या लीगमध्ये तळाला होते, तेव्हा त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं, आणि त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. १२ जूनला बॉस्टनमध्येच सातवा सामना ४-१ नं जिंकून ब्लूजनी कप उचलला. त्यांच्या इतिहासातला पहिला.

मी आता कोल्हापुरात असते. एडमंटन २०२४ मध्ये अंतिम फेरीत सातव्या सामन्यात हरलं, २०२५ मध्ये सहाव्या. दोन्ही वेळा समोर फ्लोरिडाचा सर्गेई बॉब्रोव्स्की. २०१९ मध्ये त्याला सात वर्षांसाठी सात कोटी डॉलर दिले तेव्हा हा पैसा पाण्यात गेला असं म्हणणारे थोडे नव्हते. २०२५ च्या जूनमध्ये तो ३६ वर्षांचा होता. एडमंटनकडून स्टुअर्ट स्किनर खेळत होता, एडमंटनमध्येच जन्मलेला, २००६ च्या वसंतात सात वर्षांचा. त्या मालिकेत त्याला दोनदा मध्येच बाहेर काढावं लागलं.

अंतिम फेरी संपल्यावर आमच्या फोरमनचा फोन आला. ते निवृत्त झालेत, आवाज थकलाय. इकडची पहाट होती, अंगणात पाऊस लागला होता. गोली बदलावा का, एखादा जुना मुरलेला आणावा का, तुझं काय म्हणणं, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आधी मला बचावपटूंच्या पायांचं सांगा.

मग आम्ही दीड तास बोललो.

नमस्कार.